ज्यांना अंगण नाही, त्यांची अंगणवाडी

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका, मदतनीस, पर्यवेक्षिका, बालवाडीच्या शिक्षिका आणि बालशिक्षणाच्या संस्था चालवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची डहाणू तालुक्यातली. आई अंगणवाडीत मदतनीस होती. शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचे, ताटल्या घासायला हात लावायचे आणि परातीला चिकटलेली खिचडी खरवडून खायचे. लग्नानंतर दिल्लीला आले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. गेली आठ वर्षं पश्चिम दिल्लीत, विकासपुरीला लागून असलेल्या एका वस्तीत, आम्ही तिघीजणी निर्वासित कुटुंबांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवतो. भाड्याची एक खोली, बारा बाय चौदाची, आणि जिन्याखाली मोरी. मुलं बावीस. बहुतेक म्यानमारमधून आलेल्या चिन लोकांची, चार अफगाण. आमच्या तिघींमधली एक स्वतः चिन निर्वासित आहे. ती नसती तर हे पाळणाघर एक दिवसही चाललं नसतं.

अर्जविनंत्या जिथे करायच्या तिथे आम्ही करतोच आहोत. हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण मी जे मागते आहे, या मुलांपर्यंतही अंगणवाडी पोचावी हे, ते आधी आपल्याकडेच घडलं, आपल्या आधीच्या बायकांच्या हातून घडलं. त्याचं मोल तुम्हाला पटवून द्यावं लागणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आधी ही माणसं कोण, ते सांगते. निर्वासित म्हटलं की डोळ्यांपुढे तंबू आणि छावणी येते. दिल्लीत तसं काही दिसणार नाही. ही कुटुंबं साध्या गल्ल्यांमध्ये, चौथ्या मजल्यावरच्या खोल्यांत भाड्याने राहतात. चिन लोक विकासपुरी, जनकपुरी, उत्तम नगर या पट्ट्यात; अफगाण लाजपत नगर, भोगल, मालवीय नगरकडे. १९८८ साली म्यानमारमध्ये लष्कराने माणसं चिरडली तेव्हापासून चिन लोक मिझोराममार्गे इकडे येत आहेत. फेब्रुवारी २०२१मध्ये तिथे लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि पुन्हा माणसं निघाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काबूल पडलं.

भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांच्याकडे सरकार स्वतः बघतं. चिन, अफगाण अशा इतरांची नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, करते आणि एक कार्ड देते. वस्तीत त्याला सगळे ‘यूएन कार्ड’ म्हणतात. बहुतेकांकडे ओळखीचा कागद म्हणून तेवढंच असतं. आधार नाही म्हणून बँकेत खातं नाही, नीट भाडेकरार नाही, पगारपत्रकावरची नोकरी नाही. मग राहतं काय? छोट्या कारखान्यांत पॅकिंग, लोकांच्या घरची कामं, आणि लग्नसराईत कॅटरिंगवाल्यांकडे रात्रभर प्लेटा उचलणं.

आठ वर्षांपूर्वी मी इथे बायकांना हिंदी शिकवायला यायचे. आठवड्यातून तीन दुपारी. वहीत पंधरा नावं, प्रत्यक्ष येणाऱ्या चार किंवा पाच. मला वाटायचं, यांना गोडी नाही. म्हणून एक दिवस घरोघर गेले.

एका दाराला बाहेरून कडी होती आणि आतून मुलांचे आवाज येत होते. जिन्यातल्या खिडकीच्या गजांतून डोकावले. सात वर्षांची मुलगी, तिच्या कमरेवर दीड-दोन वर्षांचा भाऊ. जमिनीवर पातेलं, त्यावर ताटली झाकलेली, ताटलीवर चमचा. मला बघताच तिने भावाचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कोणी आलं तर आवाज करायचा नाही, असं आईने सांगून ठेवलं होतं. मी पाच मिनिटं तिथे उभी होते. पाच मिनिटं त्या पोरीने खांद्यावरचं डोकं हलू दिलं नाही.

आई दुसऱ्या दिवशी भेटली. रात्री लग्नाच्या मंडपात, सकाळी पॅकिंगला. कडी बाहेरून, कारण जिना उघडा आणि खाली रस्त्यावर ई-रिक्षांची रांग. मुलीला सरकारी शाळेत प्रवेश मिळालेला होता, दप्तरही होतं. ती जात नव्हती, कारण भाऊ.

हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. आमच्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांना हेच दिसलं. वारल्यांची मोठी पोर शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं आहे. त्यांनी त्या मुलीला बोल लावला नाही, तिच्या आईबापांना अडाणी ठरवलं नाही. कडेवरच्या पोरालाच शाळेत घेतलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली आणि तिला विकासवाडी म्हटलं. मुलं बालवाडीपर्यंत येईनात तेव्हा बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरांमागे जाणारी मुलं शाळेत येणार कशी, म्हणून कुरणातच शाळा भरवली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर झाली. आज माझ्या वस्तीतली चिन बाईही ‘आंगनवाडी’ म्हणते. तो शब्द माझ्या तालुक्यात वाढला हे तिला माहीत नाही. मला मात्र तो तिच्या तोंडून ऐकला की आईची परात आठवते.

तर मी हिंदीचा वर्ग घ्यायचे त्याच खोलीत अर्ध्या भागात सतरंजी टाकली आणि बायकांना सांगितलं, मुलं घेऊन या. पुढच्या आठवड्यात वर्गाला अकराजणी आल्या. गोडी होतीच, हात मोकळे नव्हते.

पहिले दोन महिने नुसतं रडणं. खोलीत चार-पाच भाषा. चिन ही एक भाषा नाही, हे मला तेव्हा कळलं. हाखाकडच्या बाईला तेदिमकडच्या बाईचं बोलणं समजेलच असं नाही. एक अफगाण मुलगा कोपऱ्यात बसून एकच शब्द म्हणत राहायचा, ‘आब, आब’. आम्ही त्याला खेळणी दिली, कडेवर घेतलं, गाणं म्हटलं. त्याला तहान लागली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुठ्ठ्यावर पाण्याचा पेला काढला आणि खाली सगळ्यांचे शब्द देवनागरीत लिहिले: पानी, पाणी, आब, तुई, ती. तो तक्ता अजून दाराजवळ आहे. नंतर भूक, शी, आई, दुखतंय, यांचेही झाले. नवीन मूल आलं की आधी त्याच्या आईला या पाच गोष्टींचे शब्द विचारायचे आणि मग आत घ्यायचं, हा नेम आम्ही आजपर्यंत मोडलेला नाही.

खाण्याचंही तसंच. डाळखिचडीला चिन मुलं तोंड लावेनात. आमच्या चिन ताईने मक्याची पेज केली आणि मी बघतच राहिले, कारण मी तिला काय शिकवणार; पेजेवर वाढलेली मुलं मी लहानपणापासून पाहिली आहेत. हळूहळू मुलं खिचडीकडे वळली. अफगाण मुलांना नान हवा असतो, तो त्यांच्या आया आणून देतात.

पाळणाघराने आयांचं काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दिवसा सात तास मूल सांभाळलं जातं म्हटल्यावर रात्रीच्या कॅटरिंगमधून सहाजणी सुटल्या. रात्री दोन वाजता परक्या शहरात टेम्पोतून परतणं थांबलं, याचा अर्थ कोणत्याही बाईला सांगायला नको. आणि पाळणाघराच्या दारात आई दिवसातून दोनदा येते. या एवढ्या मोठ्या शहरात दुसरी अशी जागा नाही जिथे तिला कोणी दिवसातून दोनदा नावाने हाक मारतं. त्या दोन वेळांना कितीतरी गोष्टी होतात. हॉस्पिटलात कोणत्या खिडकीवर पर्ची मिळते, लसीचा वार कोणता, घरमालक वीज युनिटमागे जास्त लावतोय का, शाळेचा फॉर्म कोणी भरून देईल, हे सगळं दारात चप्पल घालता घालता विचारलं जातं. एकीने एकदा घरमालकाशी हिंदीत भांडून पाचशे रुपये परत मिळवले आणि दुसऱ्या दिवशी मुलाला सोडायला आली ती आल्या आल्या ते भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवू लागली. आम्ही तिघी हातातलं काम टाकून ऐकत होतो. त्या दिवशी ती या शहरात राहायला आली, असं मी मानते. दिल्लीत येऊन तिला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

जर्मनीत २०१५च्या आसपास आलेल्या निर्वासित कुटुंबांवर संशोधकांनी काम केलं, त्यातही हेच दिसलं: मूल पाळणाघरात जातं त्या घरातली आई भाषा लवकर शिकते आणि तिची कामाला लागण्याची शक्यता वाढते. कॅनडात नव्याने आलेल्यांसाठी सरकारी खर्चाने जे भाषावर्ग चालतात, त्यांतल्या अनेकांच्या शेजारच्या खोलीतच मुलं सांभाळायची सोय असते. ताराबाईंना हे अभ्यासाआधी कळलं होतं.

पण बावीस मुलं म्हणजे काहीच नाही. दारातून आम्ही किती आयांना परत पाठवतो ते आठवलं की जेवण जात नाही. एक खोली चालवणाऱ्या तिघींनी हे पेलायचं नसतंच. अंगणवाडी आहे की गल्लीत. आम्ही तिथे गेलो. आता जे सांगते त्यात त्या सेविकेचा काडीचाही दोष नाही, हे आधीच म्हणते.

तिने आमची दोन मुलं लगेच बसवून घेतली. चार दिवस स्वतःच्या वाटपातून त्यांना वाढलं. पाचव्या दिवशी तिची पर्यवेक्षिका येणार होती. तिने मला बाजूला घेऊन हात जोडले. ‘दीदी, ट्रॅकर में कैसे डालूँ?’ पोषण ट्रॅकर, म्हणजे मुलांची नोंद करायचं सरकारी ॲप, तुमच्याही हातात आहे, तुम्हाला ठाऊक आहे. बाळाचं आधार नसलं तरी चालतं, आईचं लागतं. इथे आईचंच नाही. आता तर घरपोच आहाराला चेहरा ओळखण्याची अटही आली आहे. नोंद नाही म्हणजे आहार येणार नाही, आणि आहार आला नाही म्हणजे या मुलांच्या वाटीत जे पडेल ते दुसऱ्या मुलांच्या वाटीतून काढलेलं असणार. ती बिचारी कोणाच्या वाटीतून काढणार?

कायदा काय म्हणतो ते मी वाचून काढलं. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचं पाचवं कलम सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांना स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क देतं, आणि तिथे शब्द आहे ‘प्रत्येक बालक’. नागरिक असलेलं बालक असं म्हटलेलं नाही. घटनेचं एकविसावं कलम जगण्याचा हक्क ‘व्यक्ती’ला देतं, तो परकीयांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अरुणाचलमधल्या चकमांच्या खटल्यात सांगितलं. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार तर भारताने १९९२मध्येच मान्य केला आहे. आणि १३ डिसेंबर २००६चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना पाठच असेल: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागितली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. म्हणजे मूल दारात आहे, कायदा आत बसलेला आहे, आणि मधे अडते ती ॲपमधली एक चौकट. एवढ्यासाठी एखाद्या मुलाचं पहिलं सहा वर्षांचं आयुष्य जावं, हे मला मान्य होत नाही.

सरकारी पाळणाघरांच्या ‘पाळणा’ योजनेचंही तेच. २०२२पासून ती केंद्राच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’खाली आली, अंगणवाडीलाच जोडून दिवसाला साडेसात तास मूल सांभाळायची सोय त्यात आहे. कामावर जाणाऱ्या आईला तीच हवी, कारण अंगणवाडी दुपारीच संपते आणि मग पुन्हा बाहेरून कडी.

‘आपल्याच पोरांना पुरत नाही, यांना कुठून द्यायचं?’ हा प्रश्न मला माहेरच्या माणसांनीही विचारला आहे. मी त्यावर रागावत नाही. न पुरणं मी परातीच्या तळाशी पाहिलं आहे. पण जे मूल मोजलंच जात नाही, त्याच्यामुळे काय कमी पडलं ते वरपर्यंत कधी दिसत नाही. बावीस मुलं नोंदली तर बावीस मुलांचा आहार मागता येतो. आणि ही मुलं त्याच गल्लीत खेळतात, त्याच टँकरचं पाणी पितात. दोन वर्षांपूर्वी गोवर आला तेव्हा तो कार्ड विचारून घरात शिरला नव्हता.

शिवाय आपल्याकडे हे नवीन कुठे आहे? कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सायबेरियाच्या वाटेने हाल सोसून आलेल्या बायका आणि मुलंच त्यांत जास्त. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. महायुद्धाचा काळ, धान्याची टंचाई, आणि तरीही मुलं शिकली. त्या मुलांनी म्हातारपणीसुद्धा कोल्हापूरचं नाव प्रेमाने घेतलं आणि वॉर्सात त्या आठवणीचं स्मारक उभं राहिलं. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४मध्ये तिथे फुलं वाहिली तेव्हा आपल्या सगळ्यांची मान ताठ झाली होती. विकासपुरीतल्या मुलाला तेवढीच जागा मिळावी, ही माझी मागणी आहे.

आणि ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या आयांची मुलं? ती गाव सोडून गेली की त्यांचा आहार तुटायचा. त्यावर महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागानेच स्थलांतरित मातांचा आणि मुलांचा माग ठेवणारी प्रणाली बनवली, मूल जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीत त्याला सेवा मिळावी म्हणून. ती सगळीकडे धड चालते का, हे तुम्ही मला सांगाल. पण तत्त्व तर मान्य झालं ना, की मूल जिथे आहे तिथली अंगणवाडी त्याची. जिल्ह्याची हद्द ओलांडून आलेल्या मुलाला जे लागू, ते देशाची हद्द ओलांडून आलेल्या मुलाला का नको?

आता मागणं. डिसेंबर २०२३मध्ये तुम्ही संपावर गेलात आणि बावन्न दिवस टिकलात. तुमच्या संघटनांचा आवाज केवढा आहे, हे तेव्हा दिल्लीत बसून आम्ही पाहिलं. मानधन, पेन्शन, ग्रॅच्युइटी यांसाठी तुम्ही निवेदनं देता, ती दिलीच पाहिजेत. पुढच्या निवेदनात एक ओळ वाढवा: ज्या बालकाच्या आईकडे आधार नाही, त्याची नोंद दुसऱ्या कोणत्याही ओळखपत्रावर किंवा सेविकेच्या दाखल्यावर व्हावी, आणि त्याचा आहार मंजूर व्हावा. ही ओळ फक्त माझ्या चिन मुलांच्या उपयोगाची नाही. पारध्यांच्या पालावरचं मूल, भट्टीवर जन्मलेलं मूल, कागद पुरात गेलेल्या घरातलं मूल तुमच्याही गावात असेल. निर्णय दिल्लीत होतो, पण सेविका स्वतः मागतात तेव्हा त्याला वेगळं वजन येतं. आमच्यासारख्या तिघी मागतात तेव्हा येत नाही.

संस्थांना दुसरं सांगायचं आहे. आमच्याकडे चिन आणि अफगाण बायका आहेत ज्यांना मुलं सांभाळायची हौस आहे आणि अंगात कसबही आहे. त्यांना शिकवणारं कोणी नाही. तुमच्याकडे बालवाडीच्या शिक्षिका घडवायची सत्तर-ऐंशी वर्षांची रीत आहे: चिंचोके, बिया, पानं, मातीतून साधनं करायची, मुलाच्या बोलीतून सुरुवात करायची. एक अनुभवी बाई एक महिना पाठवा. राहायची सोय माझ्या घरी. तिने सहाजणींना तयार केलं तर दोन खोल्या आणखी उघडता येतील. भाड्याचं आम्ही बघू. भाषेची काळजी करू नका, तक्ता आहे.

डिसेंबर-जानेवारीत येऊ नका, थंडी आणि धूर सोसवत नाही. फेब्रुवारीत या. सकाळी साडेआठला आलात तर आया भेटतील. दुपारी एकनंतर आलात तर खिडकीतली ती मुलगी दिसेल. ती आता सरकारी शाळेत नववीत आहे. भाऊ कधीच मोठा होऊन शाळेत गेला, तरी शाळा सुटली की ती दप्तर घेऊन इकडेच येते, चप्पल दारात काढते आणि सगळ्यात धाकटं जे रडत असेल त्याला उचलून पाणी पाजते. येताना तुमच्याकडची दोन-चार बडबडगीतं तिच्यासाठी लिहून आणा. देवनागरी तिला चांगली वाचता येते.

तुमचीच,
विकासपुरीतल्या पाळणाघरातली ताई